४० लाखांत चौघांचं घर : बदलापूर, नेरळ, आसनगाव की आणखी कुठे?

ओसरी
नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला भाड्याने राहतो. घरात आम्ही दोघं, पाचवीत जाणारी मुलगी आणि सासूबाई. मी मुलुंडला नोकरी करते, नवरा विक्रोळीला. दर अकरा महिन्यांनी नवा करार, दलाली, भाडेवाढ आणि मालकाची मर्जी फिरली की सामानाची बांधाबांध, याला आता सगळेच कंटाळलो आहोत. मुलीची शाळा बदलायची असेल तर आत्ताच बदलायला हवी. आठवी-नववीत तिला हलवायचं नाही.

बजेट सगळा खर्च धरून ४० लाख. त्यातले १० हातात आहेत, बाकी कर्ज. ठाणे-डोंबिवलीत एवढ्यात जे दाखवतात ते एक तर वन आरके, नाहीतर जुन्या इमारतीतला लिफ्ट नसलेला चौथा मजला. सासूबाईंचे गुडघे पार गेलेत, त्यामुळे जिने चढणं शक्यच नाही. आणि मुलगी मोठी होतेय, तिला दार लावून अभ्यास करता येईल अशी एक खोली मला हवीच आहे.

बघून ठेवलेल्या जागा बदलापूर, नेरळ आणि आसनगावच्या. नवरा नेरळवर खूश आहे, मला प्रवासाची धास्ती वाटते. जाहिराती वाचून झाल्या. तिथे राहणाऱ्यांनी पाणी, गाड्या, डॉक्टर, शाळा याबद्दल खरं खरं सांगावं.

डाऊनफास्ट
ताई, गाड्यांचं मी सांगतो, बदलापूरहून रोज जातो. बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किमी, नेरळ ८७ च्या आसपास, कर्जत १००. पण किलोमीटरवर जाऊ नका, गाड्यांच्या संख्येवर जा. बऱ्याच लोकल बदलापूरलाच संपतात. पुढे वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जतला जाणाऱ्या त्या मानाने फारच कमी. एक चुकली की पुढचीसाठी अर्धा-पाऊण तास फलाटावर. संध्याकाळी ऑफिसात दहा मिनिटं उशीर झाला तर घरी तासभर उशीर होतो, हे गणित आधी मनात पक्कं बसवा.

दुसरं, सकाळी बदलापूरहून सुटणारी गाडी पकडा. कर्जतहून येणारी आधीच भरून येते, तिला बसायला मिळायची आशा नको. बदलापूर लोकलमध्येही अंबरनाथची मंडळी उलटी येऊन खिडक्या धरून बसलेली असतात, पण निदान तिघांच्या बाकावर टेकायची चौथी सीट मिळते. तुम्हाला मुलुंड आणि विक्रोळी. गर्दीच्या वेळी बऱ्याच फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणजे ठाण्याला उतरून स्लो. ठाण्याचा पूल गर्दीतून ओलांडायला लागणारी मिनिटं वेळापत्रकात नसतात, ती तुम्ही धरा.

चाफा_नेरळ
नेरळची एवढी भीती घालू नका हो. आम्ही पुष्कळ वर्षं इथे आहोत. तुमच्या बजेटमध्ये बदलापूरला जेमतेम दोन खोल्या बसतील, इथे ऐसपैस टू बीएचके मिळतो, समोर माथेरानचा डोंगर दिसतो. माझ्या वडिलांचा दमा दादरला असताना दर थंडीत उसळायचा, इथे आल्यावर पंप क्वचित लागतो. मुलं सायकलवरून शाळेत जातात. शेजारीपाजारी अजून एकमेकांच्या घरी ताट झाकून पाठवतात.

उणंही सांगते. हृदयाचा किंवा मेंदूचा त्रास असेल तर मोठ्या इलाजासाठी बदलापूर, कल्याण नाहीतर पनवेल गाठावं लागतं. रात्री-अपरात्री ते जड जातं. आणि पावसाळ्यात वीज जाते. पण माणसाने नुसतं स्टेशनजवळ राहावं म्हणून कोंबून राहायचं का?

थोडक्यात
आधी भाड्याने राहा. जून ते सप्टेंबर. मग ठरवा.

डाऊनफास्ट
@चाफा_नेरळ, तुम्ही रोज मुंबईला जाता का? राग मानू नका, पण या प्रश्नात तेच महत्त्वाचं आहे.

चाफा_नेरळ
मी नाही जात, माझी शाळा इथेच आहे. आमचे हे आठवड्यातून तीन दिवस जातात, बाकी घरून काम. मुद्दा मान्य आहे. दोघांनाही रोज जायचं असेल तर विचार करावा लागेल. पण मग धाग्यात तेही लिहा ना, की घरून काम असणाऱ्यांसाठी नेरळ सोन्यासारखं आहे.

शहापूरची_लेक
आसनगावबद्दल मी लिहिते, माहेर तिथलं.

आमच्या शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, भातसा आहे. मुंबईच्या नळाला येणारं पाणी मोठ्या प्रमाणावर आमच्याकडून जातं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका टँकरची वाट बघत उभ्या असतात. हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि अजूनही बघून जीव तुटतो. त्यामुळे आसनगाव-वासिंदला नवीन संकुल बघायला गेलात आणि विक्रीवाल्याने 'धरणांचा तालुका आहे, पाण्याची काय चिंता' म्हटलं, तर त्या वाक्यावर एक रुपयाही टोकन देऊ नका. संकुलाला पाणी कुठल्या योजनेतून आहे, नळजोडणीचा कागद आहे का, की नुसत्या बोअरवेल आहेत, हे लेखी मागा. बोअरचं पाणी मे महिन्यात किती येतं ते आत राहणाऱ्या बायकांना विचारा, पुरुषांना नको. पाणी भरतं कोण, त्यांनाच माहीत असतं.

बाकी आसनगाव चांगलं आहे. स्टेशन आहे, नाशिक महामार्ग हाताशी आहे, २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून या पट्ट्यात जमिनीच्या व्यवहारांना जोर आलाय. पण कसारा मार्गावर लोकल कमी, आणि मेल-एक्स्प्रेस पुढे काढायला लोकल बाजूला उभी करतात. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम आम्ही कधीपासून ऐकतोय.

कॅल्क्युलेटर
'सगळा खर्च धरून ४०' हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक जण करारनाम्याची किंमत हेच बजेट समजतात. ४० लाखांचं घर ४० लाखांत पडत नाही.

समजा करारनामा ३६ लाखांचा. मुद्रांक शुल्क त्या हद्दीप्रमाणे साधारण ६ ते ७ टक्के, म्हणजे सव्वादोन-अडीच लाख. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, नवऱ्याचं नाव जोडलं की ती मिळत नाही. ३६ हजार वाचतात, शिवाय घर तुमच्या नावावर. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, म्हणजे तुम्हाला ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ६० चौरस मीटरच्या, म्हणजे ६४५ चौरस फुटांच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. त्यावर सोसायटीचे पैसे, वीजमीटर, ग्रिल, पंखे, ओटा. चाळीस कधी ओलांडले कळतही नाही.

कर्ज ३० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरलं तर हप्ता सुमारे २६ हजार. आत्ताच्या भाड्याशी तुलना करताना त्यात दोघांचे पास, रिक्षा आणि मेंटेनन्स मिळवा.

प्रधानमंत्री आवास योजनेची शहरी दुसरी फेरी २०२४ मध्ये सुरू झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत, देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नाही, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर व्याजात जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांची मदत, पाच वार्षिक हप्त्यांत. तुमचं कर्ज २५ मध्ये बसवता आलं तर बँकेत विचारा.

ओसरी
कॅल्क्युलेटर, मनापासून आभार. हा हिशोब आम्हाला एकाही विक्री कार्यालयात कोणी असा मांडून दाखवला नव्हता. आणखी एक विचारते. नेरळ-शेलूच्या बाजूला एकाने गुंठ्याने जागा आणि वर छोटं रो-हाउस असं २८ लाखांत दाखवलं. अंगण आहे, सासूबाई बघूनच हरखल्या. हे घ्यावं का?

निवृत्त_तलाठी
ताई, थांबा. सही करण्याआधी हे वाचा.

सातबारा आधी हातात घ्या, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर बघता येतो. जमीन शेतीची असेल तर बिगरशेतकऱ्याला ती अशी घेता येत नाही. अकृषिक झाली म्हणतात तर आदेश आणि मंजूर रेखांकन मागा. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, तो फक्त कर भरल्याचा पुरावा. भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं दिसलं तर शासनाच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. आणि कर्जत, शहापूर, पालघर या पट्ट्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ खातेदार आदिवासी आहे का ते बघा. महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. असा व्यवहार पुढे रद्द होतो, जमीन परत जाते, आणि ते योग्यच आहे. दोष त्या कुटुंबाचा नसतो, मधल्या दलालाचा असतो.

अनेक ठिकाणी दहा-पंधरा जणांच्या नावे सामाईक सातबारा करून 'तुमचा हिस्सा' म्हणून विकतात. तुमचा हिस्सा नेमका कोणता तुकडा, याला मोजणी नकाशा नसतो. उद्या एकाने आडमुठेपणा केला की सगळे अडकले. बँक अशा जागेवर कर्ज देत नाही. त्या माणसाला एकच विचारा, कुठल्या राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळेल? उत्तर 'आमची ओळखीची पतपेढी आहे' असं आलं तर चहा पिऊन निघा.

सासूबाईंना अंगण हवं असेल तर तळमजल्याचा फ्लॅट बघा, दाराशी तुळस ठेवता येते.

थोडक्यात
काकांच्या प्रतिसादाला उभं राहून अनुमोदन.

गांधीनगर_नाका
मी वेगळं बोलतो. एवढ्या लांब जाऊच नका. डोंबिवली-कल्याण पट्ट्यात वन बीएचके घ्या, मुलीला बेडरूम द्या, तुम्ही हॉलमध्ये झोपा. आमची पिढी अशीच वाढली. रोजचे दोन तास वाचले तर ते मुलीला मिळतील. मोठ्या घरात आई-बाप रात्री साडेनऊला पोचणार असतील तर त्या घरात राहणार कोण?

मात्र स्वस्त दिसलं म्हणून हुरळू नका. डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली, लोकांनी त्या नंबरवर विश्वास ठेवून कर्जं काढली, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने इमारती पाडायला सांगितल्या. म्हणून नोंदणी क्रमांक बघून थांबायचं नाही. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन ती ज्या कार्यालयाच्या नावाने आहे तिथे जाऊन खरी आहे का विचारायचं.

चाफा_नेरळ
'तुम्ही हॉलमध्ये झोपा' हे वीस वर्षांच्या कर्जासाठी सांगताय. त्यांच्या सासूबाई कुठे झोपणार? गुडघे दुखणारं माणूस हॉलमधल्या दिवाणावर, रात्री उशिरापर्यंत टीव्ही आणि भांड्यांचा आवाज. म्हातारपणी एक शांत कोपरा लागतो हो. मला हा सल्ला पटत नाही.

गांधीनगर_नाका
तुमचंही बरोबर आहे. पण मी रोज ठाण्याला कर्जत लोकलच्या दारात लटकलेली माणसं बघतो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ माणसं गाडीतून पडून गेली, त्यानंतर माझ्या मनातून ते जातच नाही.

उल्हासकाठ
बदलापूर पश्चिमेला राहतो. उल्हास नदीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

२६ जुलै २००५ ला आमच्याकडे पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होतं. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, हजाराच्या आसपास प्रवासी बोटींनी काढले, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. तेच पाणी इथे खालच्या वस्त्यांतही होतं. नदीलगतच्या जागेला 'रिव्हर व्ह्यू' म्हणतात आणि चौरस फुटाला जास्त भाव लावतात. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नगरपालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर सांगून जागा कुठल्या रेषेत येते ते विचारा. आणि जुन्या किराणा दुकानदाराला विचारा, पाणी किती आलं होतं. तो हाताने भिंतीवर उंची दाखवतो. त्याच्याइतकी खात्रीची माहिती दुसरी नाही.

पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा, नदीवरच्या बॅरेज बंधाऱ्यावरून. जुन्या भागात बऱ्यापैकी येतो, पण टोकाच्या नव्या संकुलांचे हाल आहेत. आमच्या मागच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर रात्री उशिरा येतो. वॉचमन जमिनीखालच्या टाकीचं झाकण सरकवून बॅटरी मारतो, कमिटीतलं कोणीतरी बांबूची खुणा केलेली काठी आत सोडून पातळी बघतं, टँकर रिकामा झाला की परत बुडवून बघतं. अर्धा टँकर ओतून पूर्ण पैसे घेतले जातात म्हणून हा पहारा. झोपमोड, पैसे आणि शेजाऱ्यांत भांडणं, तिन्ही होतात. म्हणून घर घेण्याआधी सोसायटीचा मागच्या वर्षाचा जमाखर्च मागा आणि त्यात टँकरचा खर्च बघा. मार्च ते जूनचे आकडे खोटं बोलत नाहीत.

कुळगावची_कांता
बदलापूरची एक चांगली गोष्टही लिहा कोणीतरी! इथलं जांभूळ. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. मे-जूनमध्ये घर बघायला या ओसरीताई, एक वाटा माझ्याकडून.

डाऊनफास्ट
मग आम्ही सगळेच घर बघायला येतो. 😀

पालघरी
आमच्या बहाडोलीच्या जांभळालाही मानांकन आहे बरं का. असो, ज्यांची नोकरी पश्चिम रेल्वेवर आहे त्यांनी पालघर-बोईसर-सफाळे बघा. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते, २०१४ पासून जिल्हा मुख्यालय आहे. विरार-डहाणू रेल्वेमार्गाचं चौपदरीकरण व्हायचंय. ओसरींसाठी मात्र उपयोग नाही, दादरला बदलून उलटं यावं लागेल.

तळेगावकर
पुण्याकडची आठवण झाली. आम्ही पिंपरीची नोकरी धरून तळेगाव दाभाड्याला आलो, तेव्हा हेच प्रश्न होते. लोणावळा लोकल आहे पण गाड्या मोजक्या, त्यामुळे इथे माणूस दुचाकीवर जगतो. मुंबईकरांना निदान लोकल आहे, सासवड-शिरवळला घर घेणाऱ्यांना तीही नाही.

रात्रपाळी_परिचारिका
मी वांगणीला राहते, ड्युटी सायनला. वांगणीत घरं स्वस्त म्हणून अनेक दृष्टिहीन कुटुंबं इथे राहायला आली. लोकलमध्ये वस्तू विकून ती घर चालवतात. २०२१ मध्ये इथल्याच फलाटावर रेल्वेच्या पॉइंट्समनने रुळावर पडलेल्या मुलाला गाडीपुढून उचललं, त्याची आई दृष्टिहीन होती. तेव्हा इथल्या लोकांना नावं ठेवू नका, ज्याला मुंबईने जागा दिली नाही त्याला या गावांनी दिली.

पण बाईने रात्रीचा विचार वेगळा करावा. रात्रीच्या गाडीत बदलापूरनंतर लेडीज डबा रिकामा होतो. तेव्हा आम्ही दोघी-तिघी उठून एकत्र बसतो. उतरल्यावर रिक्षा नसेल तर अंधारातून चालायचं. जागा बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, विक्रीवाले गाडीने फिरवतात आणि स्टेशन पाच मिनिटांवर वाटतं. कामाच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर थेट तिकडे जा, पायी जा. आणि ओसरीताई, सासूबाईंना रात्री काही झालं तर? बदलापुरात खासगी दवाखाने आहेत, मोठं सरकारी हवं तर उल्हासनगरचं सेंट्रल हॉस्पिटल. त्याच्या पुढे जाल तितकं अंतर वाढत जातं. मी रुग्णालयात काम करते, ते अंतर काय करतं हे मी बघते.

ओळख_नको
म्हाडाच्या कोकण मंडळाचं कोणी बोललं नाही. विरार-बोळिंज, खोणी, शिरढोण वगैरे. न विकलेली घरं प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्यानेही दिली आहेत. कागदपत्रं सरळ असतात हा मोठा दिलासा. फक्त खोणी-शिरढोण स्टेशनपासून बरंच आत आहे, रिक्षा-बसचा खर्च धरा. उत्पन्न गट आधी तपासा.

ओसरी
सगळ्यांचे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचले. सासूबाईंनी तलाठीकाकांचा दोनदा वाचायला लावला आणि अंगणाचा विषय त्यांनीच संपवला.

नेरळ आणि आसनगाव बाद केलं, दोघांनाही रोज जायचंय. आता बदलापूर पूर्वेला स्टेशनपासून पायी जाता येईल अशा, काही वर्षं जुन्या, भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या सोसायटीत लहान टू बीएचके शोधतोय. नवीन इमारतीपेक्षा कार्पेट कमी, पण लिफ्ट आहे आणि जीएसटी नाही. एक पाहिलाय, मालक ३७ म्हणतोय. हे ठीक आहे का, आणि काय काय विचारू?

कॅल्क्युलेटर
३७ वर मुद्रांक, नोंदणी, दलाली धरली की ४० ला टेकतं. घासाघीस करा. त्याच इमारतीतल्या मागच्या व्यवहारांची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर निघते. शेजारचा फ्लॅट खरोखर कितीला गेला ते कळलं की बोलणं सोपं होतं.

निवृत्त_तलाठी
मालकाचं कर्ज बाकी असेल तर बँकेचं पत्र घ्या. आधीच्या सगळ्या करारनाम्यांची साखळी, सोसायटीचं ना हरकत, भागपत्र (शेअर सर्टिफिकेट). अभिहस्तांतरण झालंय का विचारा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून विकासकाच्या. झालेलं नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी तोच मुद्दा आडवा येतो.

उल्हासकाठ
पूर्वेला पुराचा त्रास नदीकाठाइतका नाही, पण नाल्याशेजारी घेऊ नका. टँकरचे आकडे मागायचे विसरू नका.

रात्रपाळी_परिचारिका
इकडे वीज जाते. लिफ्टला जनरेटर किंवा बॅटरी आहे का, ते चालवून दाखवायला सांगा, नुसतं आहे म्हटलं की चालत नाही. कितवा मजला आहे?

ओसरी
पाचवा. त्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा एक लवकरच रिकामा होणार आहे म्हणतात, पण मालक ३८ च्या खाली येत नाही.

रात्रपाळी_परिचारिका
पहिल्या मजल्यासाठी थांबा. वरच्या एक लाखासाठी फर्निचर पुढच्या वर्षी करा.